कोण कुठं उभं राहायचं

शनिवारी सहाला तालीम म्हटलं की साडेसहा धरायचे.
त्यात आज पाण्याचा दिवस.
कधी सुटेल ते आमच्या खात्यालाही ठाऊक नसतं,
तरी येणारा प्रत्येक जण आधी मलाच विचारतो,
मग चपला काढतो.

एप्रिलचं सोलापूर. देवळाची दगडी भिंत
अजून दुपार सोडत नाही.
मी पेटीचा भाता हलवत एकेकाला जवळ बोलावतो:
"आ म्हणा. वर जाऊ. अजून वर. थांबा."

वहीत चार रकाने आखलेत.
पाणीपट्टी विभागात सव्वीस वर्षं गेली,
रकान्याशिवाय मला माणसं दिसत नाहीत.

स्टेला बोद्धुल. घरात तेलुगू, मंडळीत मराठी,
विड्या वळताना काय ते तिलाच माहीत.
उभ्या उभ्या तिची बोटं हलली,
पानात तंबाखू सारखा करावा तशी,
आणि मधला सूर हलके बसला.
आल्टो. हे सोपं होतं.

एलिशा, वय चौदा.
मागच्या रविवारी आईशेजारी सोप्रानोत होता,
आज "आ" म्हणताना एका आवाजात दोन माणसं निघाली.
पोरं हसली. तो नाही हसला.
त्याचं नाव पेन्सिलीनं लिहिलं.

प्रभुदास रणभिसे, यंत्रमागावर रात्रपाळी.
उजव्या कानानं कमी ऐकतो, डाव्यानं अंदाजानं.
वर म्हटलं तरी तिथंच, खाली म्हटलं तरी तिथंच.
बेसूर आहे पण भाविक आहे, असं पाळक म्हणतात.
आज पहिल्यांदा मी त्याला माझ्या सुरावर ओढलं नाही,
त्याचा सूर शोधत खाली खाली गेलो.
मंद्रातली पांढरी तीन. दाबून धरली.
तो पेटीवर तळवा ठेवून म्हणाला,
"जेवायच्या सुट्टीत बाहेर आलो ना सर,
की भिंतीतनं एवढाच येतो. सगळ्या मागांचा मिळून."
बावीस वर्षं हा माणूस एका सुरात होता
आणि आम्ही इकडंतिकडं फिरत होतो.
बेस. पुढं कंसात लिहिलं: धरून ठेवणे.

टेनरचा रकाना कोरा.
होता एक, तो हिंजवडीला.

मग मनोरमाबाई ओहोळ.
चाळीस वर्षं पहिल्या रांगेत, डावीकडून पहिल्या.
मी शाळेत असताना सा कुठं असतो ते
छडीनं फळ्यावर दाखवणाऱ्या याच.
वरच्या पंचमाशी आल्या. तोंड उघडं, मान ताठ,
आवाज मात्र आला नाही.
"शेंगाचटणी खाल्ली दुपारी," म्हणाल्या.
मी मान हलवली, आणि गुपचूप
एक पट्टी उतरवून पुन्हा वाजवलं.
त्यांनी गायलं. सुरेख.
मग चष्मा काढून पदराला पुसत राहिल्या.
"उतरवलीस ना रे? मीच शिकवलंय तुला."

माझ्या हातातली वही घेतली,
स्टेलाच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं,
वळणदार, शाई न सांडता.
स्टेला बाकावर जरा सरकली.

पहिलं कडवं धरलं. दुसऱ्या ओळीत बाई गायच्याच थांबल्या.
"ही ओळ इथंच होती होय?
इतकी वर्षं माझ्या मागं?"

तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला. "नळ आलाय!"
सोप्रानो गेल्या, एलिशाला त्याच्या आईनं ओढून नेलं,
स्टेलाही, "अण्णा, हांडे," म्हणत.
चपलांचा ढीग विस्कटला.

प्रभुदासला ऐकू आलं नव्हतं.
डोळे मिटून तो आपला सूर धरून उभा.
बाईंनी मला खूण केली: थांबवू नकोस.
आणि त्याच्यावर, चाचपडत,
ती मधली ओळ म्हणू लागल्या.

मी भाता सोडला नाही.
घरी बादल्या कोण भरणार, हे मनात येऊन गेलं.
कोऱ्या रकान्याकडं बघत
घसा खाकरला.